चंद्रमपल्लीच्या वाटेवर कमलबाई

बीदरकडचं मेहकर गाव मागं टाकून गाडी भालकीच्या रस्त्याला वळली तेव्हा डावीकडचा आरसा बाभळीच्या फांदीला घासला. काटे काचेवरून करकरत गेले. मागच्या सीटवरची सहा वर्षांची सोनू खिदळली. गाडी चालवत होता तिचा अज्जा, म्हणजे आजोबा, अंबाजी. त्यानं सगळी मान वळवून डावीकडं बघितलं आणि म्हणाला, "फांदी लई वाढलीय. पंचायतीत सांगाय पायजे."

त्याच्या डाव्या हाताला त्याची बायको कमलबाई बसली होती. फांदी आज वाढलेली नव्हती, आणि उजवीकडं अख्खा रस्ता मोकळा पडला होता. आयुष्यभर सरकारी बस चालवलेल्या माणसाला ती फांदी दिसू नये, हे तिच्या मनाला कुठंतरी टोचलं. पण सणासारखा दिवस होता. तिनं पदर सावरला आणि समोर बघत बसली.

कमलबाई मूळची मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा बाप हावगेप्पा पाऊस ओसरला की कळप घेऊन चिंचोळीच्या डोंगरांकडं निघायचा. डोक्यावर संसार, मागं बायको-लेकरं. त्या लेकरांतली एक कमल. त्या डोंगरात चंद्रमपल्लीचं तळं आहे. आता त्याला सगळे धरण म्हणतात, कमलबाई तळंच म्हणते. चारी बाजूंनी डोंगर, त्यावर कमरेएवढं पिवळं गवत, आणि मध्ये आभाळ सांडल्यासारखं पाणी. लग्न होऊन ती मेहकरला शेतकऱ्याच्या घरी आली, तिचं फिरणं संपलं. पण खुरपताना, भाकरी थापताना, लेकीला झोपवताना ती त्या तळ्याबद्दल बोलायची.

अंबाजी तेव्हा भालकी डेपोत ड्रायव्हर होता. उदगीर, लातूर, कधी बीदर. "एकदा तुला नेतो तुझ्या तळ्याला," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. आणि दर दिवाळीला त्याला जादा गाड्या लागायच्या. दुसऱ्यांची माणसं सणाला घरी पोचवण्यात त्याचे सण गेले. मग निवृत्तीचं वय यायच्या आधीच त्यानं नोकरी सोडली. गुडघे साथ देत नाहीत म्हणाला. लोकांना ते पटलं, कमलबाईलाही पटलं. रोज निजताना ती त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायची.

यंदा त्यानं एक जुनी पांढरी मारुती घेतली. दसऱ्याच्या सुट्टीला लेक अंजू सोनूला घेऊन माहेरी आली. अंजू बीदरला नौबादमध्ये राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. तिचा नवरा महांतेश कामामुळं येऊ शकला नव्हता. अंजू आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना अंबाजी एकदम म्हणाला, "उद्या चंद्रमपल्लीला जायचं."

"उद्याच?" कमलबाईनं विचारलं. "सोयाबीनची रास पडलीय अजून."

"रास कुठं पळून जात न्हाई. उद्याच जायचं."

त्याच्या आवाजात हट्ट होता. इतक्या वर्षांनी एवढी घाई कशाची, हे तिला कळेना. पण आनंदानं तिला रात्रभर नीट झोप लागली नाही. पहाटे उठून तिनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

भालकी मागं पडली. हवा छान होती. पावसानं धुतलेलं आभाळ, उन्हात अजून कोवळेपणा. दोन्हीकडं उसाचे फड, मध्येच तुरीची शेतं फुलावर आलेली. दूर डावीकडं कारंजा धरणाचं पाणी चमकलं.

"आवो, ते बघा की, पाणी किती चढलंय यंदा," कमलबाई म्हणाली.

अंबाजीनं पुन्हा सगळी मान वळवली. नुसते डोळे नाहीत, खांद्यासकट मान. आणि त्याची मान वळली तशी गाडीही डावीकडं सरकली. खालची खडी टायरखाली कचकचली.

"आप्पा, रस्त्यावर बघा," मागून अंजू म्हणाली.

"बघतोय की गं."

इतके दिवस न जोडलेल्या गोष्टी कमलबाईच्या मनात एकापाठोपाठ एक यायला लागल्या. जेवताना डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्याच्या कोपरानं सांडायचा आणि ती म्हणायची, लक्ष कुठं असतंय तुमचं. शेजारचा धनराज एकदा रुसून म्हणाला होता, वहिनी, भाऊंनी आता ओळख सोडली, बाजूनं गेलो तरी बघत न्हाईत. गोठ्यात म्हशीच्या शिंगाचा मार बसला होता तो कपाळाच्या डाव्या अंगाला. आणि आजची फांदी.

हे सगळं डावीकडचं होतं.

तिनं स्वतःला समजावलं. उगीच भलतंसलतं मनात आणायला लागलो आपण. खात्री करून घ्यावी म्हणून तिनं सीटवरून आपला उजवा हात थोडा उचलला आणि त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, कानाजवळ, बोटं हलवली. माशी हाकलल्यासारखी. अंबाजीच्या पापणीलाही कळलं नाही. तिनं हात आणखी पुढं नेला. काही नाही. आणखी पुढं, पार त्याच्या नाकाच्या रेषेपर्यंत, तेव्हा तो दचकला.

"काय करायलीस?"

"माशी व्हती," ती म्हणाली.

आता काय करावं? मागं लेक आणि नात. ती मोठ्यानं बोलली असती तर अंजू घाबरली असती, त्याचे हात थरथरले असते. आणि तो चिडला तर? ड्रायव्हिंगबद्दल एक शब्द ऐकून न घेणारा माणूस. समोर हुमनाबादचा मोठा हमरस्ता येणार होता, त्यावरून हैदराबादच्या लॉऱ्या जातात.

"मला मळमळायलंय," ती म्हणाली. "जरा थांबवा."

त्यानं गाडी थांबवली. ती खाली उतरली, रस्त्याकडेला उगीच वाकून उभी राहिली. अंजू पाणी घेऊन आली.

"माय, परत जायचं का?"

"व्हय, जाऊ परत," कमलबाई चटकन म्हणाली.

अंबाजी गाडीतूनच बोलला. "परत कामून? इथवर आलाव आता. लिंबू चोख, बरं वाटंल." आणि मग आवाज उतरवून, जवळपास विनवल्यासारखं, "चल की, कमल. आज जाऊन येऊ."

असा आवाज तिनं त्याच्या तोंडून क्वचितच ऐकला होता. ती लिंबू घेऊन परत बसली. पण आता तिनं ठरवलं होतं की तोंड बंद ठेवायचं नाही.

हुमनाबाद येईपर्यंत ती बोलतच राहिली. "हे बघा, डाव्या हाताला बैलगाडी. आता टमटम आली बघा इकडून. इकडं शाळा सुटलीय वाटतं, पोरं कडेनं चाललीत." अंजूला हसू आलं. "माय, किती बोलतीस आज. तळ्याच्या आनंदानं येडी झालीस का?" सोनू तिची नक्कल करायला लागली, "डाव्या हाताला म्हैस! डाव्या हाताला बाई!" कमलबाईही हसल्यासारखं करत होती आणि पदरानं मानेवरचा घाम पुसत होती. एरवी एव्हाना अंबाजी म्हणाला असता, गप बस, मला आंधळा समजायलीस का. आज तो गप्प होता.

हमरस्त्यावर एक लॉरी डावीकडून ओव्हरटेक करून गेली. हॉर्नचा आवाज आला तेव्हाच अंबाजीला ती कळली. त्यानं हिसका देऊन गाडी उजवीकडं घेतली, मागच्या गाडीवाल्यानं लांबलचक हॉर्न वाजवला. कमलबाईनं डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. आपल्याला डोळे मिटून चालणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

चिटगुप्पा गेल्यावर वर्दळ कमी झाली. माती तांबडी व्हायला लागली. दूरवर डोंगरांची निळी रेघ दिसली, आणि इतक्या काळजीतही कमलबाईचं मन हललं. हेच ते डोंगर. वाटेत एका तांड्याजवळ बायका सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. सोनूनं हट्ट केला म्हणून सगळे उतरले. अंबाजी पाटीसमोर उकिडवा बसला, एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघायला लागला. विकणारी बाई त्याच्याशी कानडीत बोलत होती, तो तिला कानडीतच उत्तरं देत होता. चेहरा फुललेला. त्याला बघून कमलबाईला वाटलं, आपलीच चूक झाली असेल. एवढा धडधाकट माणूस.

तेवढ्यात त्या बाईनं त्याच्या डाव्या बाजूनं एक सोललेलं फळ पुढं केलं, चव बघा म्हणून. ते तसंच हवेत राहिलं. तो समोरच्या पाटीतली फळं निवडत राहिला. बाईनं कमलबाईकडं बघितलं. कमलबाईनं ते फळ आपल्या हातात घेतलं.

चिंचोळीच्या पुढं जंगलाचा रस्ता लागला. सागाची झाडं, त्यांना आलेले फुलांचे वाळके तुरे, मध्येच पळस, आणि मोकळ्यावर सगळीकडं पिवळं गवत वाऱ्यानं लवत होतं. अंजूनं काच खाली केली, मोबाइलवर फोटो काढायला लागली. कमलबाईला लांबूनच धूळ दिसली. डावीकडच्या उतारावरून धूळ रस्त्याच्या दिशेनं येत होती. ती कसली धूळ आहे हे मेंढपाळाच्या लेकीला सांगायची गरज नव्हती.

"मेंढरं यायलीत," ती म्हणाली. "हळू घ्या."

"कुठं?"

"डावीकडं. आवो, हळू घ्या. ब्रेक मारा! ब्रेक!"

ती किंचाळली तेव्हा त्यानं ब्रेक मारला. गाडी घसरत गेली आणि तिरकी थांबली. पुढची दोन कोकरं बंपरला टेकून थरथरत होती. बाकीचा कळप गाडीच्या दोन्ही अंगांनी फुटून वाहायला लागला. अंजूनं सोनूला छातीशी धरलं होतं. कळपामागून कांबळंवाला म्हातारा धावत आला आणि काठी बॉनेटवर आपटून कानडीत ओरडला, डोळे फुटले का तुझे, म्हणून.

अंबाजी एरवी शिवीला शिवी देणारा माणूस. तो तसाच बसून राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

कमलबाई खाली उतरली. तिनं कोकरांचे पाय चाचपले, पोटाखालून हात फिरवला. लागलं नव्हतं. एकेक उचलून तिनं म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि हात जोडले. म्हातारा तिच्या धरण्याच्या पद्धतीकडं बघत राहिला, मग कुरकुरत कळपामागं गेला.

"एकदम आली गं मेंढरं," अंबाजी अंजूला सांगत होता. "काही कळायच्या आत."

"हो ना. ह्या लोकांनी पण बघायला पाहिजे," अंजू म्हणाली.

कळप एकदम येत नाही. कोसभर आधी कळतो. कमलबाई परत आपल्या जागेवर बसली. गाडी सुरू झाली. इथं थांबवून हट्ट धरावा, तर भोवती जंगल, मोबाइलला रेंज नाही, गाडी चालवणारं दुसरं कोणी नाही. अंजूला फक्त स्कूटी येत होती. तळ्यापर्यंत पोचणं एवढंच हातात होतं.

आणि मग वळणं सुरू झाली. रस्ता डोंगराच्या कुशीतून जायला लागला. उजवीकडं दरड, डावीकडं उतार, आणि एका वळणावर उताराच्या तळाशी पाणी दिसलं.

"तळं! आजी, तुझं तळं!" सोनू ओरडली.

कमलबाईनं तळ्याकडं बघितलंच नाही. ती खिडकीतून खाली, टायर आणि रस्त्याची कड यांच्यामधल्या मातीकडं बघत होती. ती माती कमी कमी होत चालली होती. कठड्याचे दगड मध्येमध्ये पडून गेलेले.

"आवो," ती अगदी हळू म्हणाली, मागं ऐकू जाणार नाही अशी. "डाव्या अंगाला लई गेलाव."

तो आता खेकसेल म्हणून तिनं अंग आखडून घेतलं. पण त्यानं समोरची नजर न काढता, तिच्याइतक्याच हळू आवाजात विचारलं,

"किती?"

त्या एका शब्दात सगळं आलं. ह्याला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे कोण जाणे, पण माहीत आहे, आणि तरी हा आपल्याला, लेकीला, नातीला घेऊन निघाला.

चिडायला वेळ नव्हता. "हातभर," ती म्हणाली. "हातभर उजवीकडं घ्या."

त्यानं घेतलं. "आता?"

"आता बरूबर हाय. असंच. पुढं दगड पडलाय डावीकडं. थोडं आणखी. व्हय. आता सरळ."

मागं सोनू पाण्यावरचे पक्षी दाखवत होती, अंजू फोटो काढत होती. पुढं दोघं जण पुटपुटल्यासारखे बोलत होते. ती सांगेल तसा तो हात वळवत होता. लग्न झाल्यापासून एवढं निमूट त्यानं तिचं कधीच ऐकलं नव्हतं. एका वळणावर समोरून जीप आली. तिनं सांगितलं, "थांबाच. तिला जाऊ द्या." तो थांबला. जीप गेली. मग ती म्हणाली, "चला," आणि तो चालला. उतार संपून धरणाच्या भिंतीजवळच्या सपाटीवर गाडी उभी राहिली.

अंजू आणि सोनू पाण्याकडं पळाल्या. हे दोघं भिंतीच्या दगडांवर बसले. पाणी संथ होतं. समोरच्या डोंगरांची पिवळी टेकाडं पाण्यात उलटी पडली होती, काठच्या वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. कमलबाईच्या आठवणीतल्या तळ्यापेक्षा हे कितीतरी मोठं होतं. इतक्या वर्षांनी ते समोर होतं आणि तिला त्याच्याकडं धड बघता येत नव्हतं.

"कवापासून?" तिनं विचारलं.

अंबाजी म्हणाला, "नोकरीत असल्यापासून. उदगीरच्या गाडीवर व्हतो. डाव्या हाताला सायकलवाला आला. कंडक्टर वरडला म्हणून वाचला त्यो. मला दिसलाच न्हाई, कमल. आरशात न्हाई, डोळ्यानं न्हाई. त्यादिवशी डेपोत गाडी लावली आन् ठरवलं, आता स्टिअरिंग धरायचं न्हाई."

"आन् डेपोत डोळे तपासायचे ते?"

"समोरची अक्षरं समदी वाचायचो की. अजून वाचतोय. समोरचं ख्वाट न्हाई. बाजूचंच जातंय. आधी थोडं, मग जास्ती. आता नळीतून बघितल्यावानी दिसतंय."

"म्हंजे तुमचे गुडघे..."

"गुडघ्याला काय बी झालेलं न्हाई."

रोज चोळलेलं तेल आठवून तिला हसावं की त्याच्या तोंडात मारावी कळेना. मग राग वर आला, आणि आला तो आवरेना.

"बसमधली माणसं परकी. त्यांच्यासाठी नोकरी सोडलीव तुम्ही. आन् आज गाडीत कोण बसलं व्हतं ते दिसलं न्हाई तुमाला? ती पोर दिसली न्हाई?"

तो मान खाली घालून बसला. "दवाखान्यात गेलो तर त्यो सांगणार, समदंच जाणार म्हणून. मग काय, घरात बसून वाट बघायची? पोळ्यापासून उजव्या डोळ्याचं बी कमी झाल्यावानी वाटायलंय. म्हणलं त्याच्या आधी एकदा तुझं तळं बघून घ्यावं. तुझ्यासंगं."

तरी कमलबाईनं राग सोडला नाही. सोडला असता तर त्यानं परत किल्ली फिरवली असती.

"बघायचं व्हतं तर बसनं आलो असतो."

"मला बसमधी मागं बसवत न्हाई, कमल."

तिनं हात पुढं केला. काय मागते आहे ते त्याला समजलं. तो पाण्याकडं बघत राहिला. पाणकावळा उडाला, पाण्याला पंख घासत पलीकडं गेला. मग त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

अंजूला कमलबाईनंच सांगितलं. भिजलेल्या पायांनी अंजू ऐकत उभी राहिली. तिनं एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघितलं. तिला मेंढरं आठवली असावीत, लॉरी आठवली असावी. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सोनू मागं बसली होती, आप्पा." आणि पाठ फिरवून लेकीचे पाय पुसायला गेली. त्या वाक्यानं अंबाजी जेवढा खचला तेवढा कमलबाईच्या रागानं खचला नव्हता. धपाट्याचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.

धरणाच्या राखणदारानं गाडी झाडाखाली लावू दिली. पर्यटकांना सोडायला आलेल्या एका रिक्षात बसून चौघं चिंचोळीला आली आणि तिथून बीदरची बस धरली. मेहकरला परतण्यापेक्षा रात्रीपुरतं नौबादला अंजूकडं राहायचं आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं, असं कमलबाईनं ठरवलं. कोणाला विचारलं नाही. बसमध्ये अंबाजी मधल्या बाकावर खिडकीशी बसला. ड्रायव्हरनं वळण घेतलं की ह्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. कमलबाई बघत होती. मान्नाएखेळ्ळीच्या आसपास सोनू उठून त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"अज्जा, मी दिसायलेय का?"

त्यानं मान वळवली, तिला शोधलं. "आता दिसलीस."

अंजूनं ते ऐकलं आणि तोंड खिडकीकडं केलं. थोड्या वेळानं तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा बहुतेक गेलेला, उजव्याची कडा जायला लागलेली. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल, रोज थेंब घातले तर, वेळा चुकवल्या नाहीत तर. "आधी आला असता तर," असं डॉक्टर म्हणायला लागले आणि अंबाजीचा चेहरा बघून तिथंच थांबले. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण कोण आहेत? हा आजार रक्तातून चालतो. भाऊ, बहीण, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्या.

कमलबाईची एक काळजी जरा कुठं खाली बसली होती, तिच्या जागी दुसरी येऊन बसली. अंजूची तपासणी झाली तेव्हा बाहेरच्या बाकावर ती कोणत्या कोणत्या देवाला काय काय बोलली हे तिचं तिला माहीत. अंजूचे डोळे चांगले निघाले. दरवर्षी दाखवा म्हणाले.

राहिला राम. अंबाजीचा धाकटा भाऊ. तो मेहकरलाच राहतो आणि उसाचा ट्रॅक्टर चालवतो. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस, आणि भालकीच्या कारखान्याकडं जाणारा वर्दळीचा रस्ता. हंगाम तोंडावर आला होता. कमलबाईनं त्याला सांगून बघितलं. तो हसला. "वहिनी, मला आभाळातली घार दिसती. आता ट्रॅक्टर सोडून दवाखान्यात कुठं बसू?" दोनदा सांगितलं, दोनदा त्यानं हसण्यावारी नेलं. ट्रॅक्टरचा आवाज आला की कमलबाई हातातलं काम टाकून दारात यायची आणि ट्रॅक्टर डावीकडं किती सरकतोय ते बघायची.

अंबाजी तळ्यावरून आल्यापासून गावात फारसा बाहेर पडत नव्हता. गाडी महांतेशनं आणून दिली होती, ती झाकून ठेवलेली. लोक विचारत, भाऊ, गाडी काढत न्हाई का, तर तो आत जायचा. गावात कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी तो आपणहून उठला, काठी घेतली आणि रामच्या खळ्याकडं गेला. कमलबाई मागोमाग गेली. खळ्यात ऊसतोडीची माणसं जमली होती, धनराज होता. राम ट्रॅक्टरवर चढून किल्ली लावत होता.

अंबाजी ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभा राहिला.

"दादा, बाजूला व्हा. उशीर व्हायलाय."

"खाली उतर."

"कामून?"

"मी नोकरी गुडघ्यामुळं सोडली न्हाई," अंबाजी म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. उदगीरच्या रस्त्यावर माझ्या हातनं एक माणूस मेला असता. परवा नातीला घेऊन निघालो आन् समदी तळ्यात गेलो असतो. वहिनी तुझी शेजारी व्हती म्हणून वाचलाव. मला बी आभाळातली घार दिसती रामा. अजून दिसती. तू खाली उतर आन् माझ्यासंगं बीदरला चल."

धनराजनं खाली बघितलं. राम किल्ली काढून उतरला.

रामच्या डाव्या डोळ्याची कडा जायला नुकतीच सुरुवात झाली होती. त्याला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. वेळेत सापडलं, डॉक्टर म्हणाले, थेंबांवर आटोक्यात राहील, पण ट्रॅक्टर चालवायचा की नाही हे दर तपासणीला ठरवू. त्या हंगामापुरता रामनं ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः तोडीवर देखरेख केली. फार कुरकुरला. कमलबाईच्या तोंडावर एकदा म्हणालाही, की वहिनी, तुम्ही लोकांनी माझा धंदा बसवला. तिनं ऐकून घेतलं आणि त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.

कमलबाईचं आता असं झालंय की सकाळ-संध्याकाळ चूल पेटवायच्या आधी ती थेंबांची बाटली शोधते. अंबाजी बाजेवर उताणा पडतो, ती पापणी उचलून थेंब सोडते आणि तो डोळा मिटून पडून राहतो तेवढा वेळ शेजारी उभी असते. दिवसात मध्येच कधी त्याला न सांगता उजव्या कानाजवळ बोटं हलवून बघते. कधी त्याला लवकर कळतं, कधी उशिरा, आणि उशिरा कळलं की तिचा सगळा दिवस काळजीत जातो. डॉक्टर म्हणतात स्थिर आहे. तिचा डॉक्टरांवर विश्वास आहे आणि तरी ती बोटं हलवतेच.

परवा राम आला होता. उसाची कांडी घेऊन, पोरीच्या लग्नाचं बोलायला. बोलणं निघायच्या आधीच अंबाजीनं बाजेवरून विचारलं, "थेंब घातलास का?"

"व्हय, दादा."

"बाटली दाखव."

रामनं कुरकुरत खिशात हात घातला. कमलबाई आत भाकरीचं पीठ मळत होती. तिनं बाहेर डोकावून बाटलीत किती उरलंय ते बघून घेतलं आणि मग चुलीत लाकूड सारलं.